लहान गोळी, मोठं जनावर : एका जुन्या वादाचं परीक्षण



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने काडतुसांवर व्याख्यान द्यावं, हे जरा विचित्रच आहे. आम्ही आयुष्यात बंदुकीचा चाप ओढलेला नाही, आणि या वयात ओढायची हौसही नाही. पण शिकारीची पुस्तकं मात्र आम्ही अधाशासारखी वाचली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ती वाचली. जिम कॉर्बेट होता, केनेथ अँडरसन होता, मराठीत भानू शिरधनकर होते. ही पुस्तकं वाचताना आणि त्यांच्या मागे जी इंग्रजीतली बंदुकांवरची पुस्तकं आहेत ती चाळताना एक वाद सारखा आडवा येतो. हत्ती, गवा, वाघ, अस्वल अशा मोठ्या जनावराला लहान बोअरच्या रायफलने मारावं का? की त्यासाठी जाड गोळीची, खांदा सोलून काढणारी जड रायफलच हवी? गेली शंभर-सव्वाशे वर्षं हा वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं अजून तितक्याच तावातावाने बोलतात.

आज आम्ही या वादाचं परीक्षण करणार आहोत. कोण जिंकलं ते सांगायला नव्हे. इतका अनुभव असलेली, जीव धोक्यात घालून शिकलेली माणसं शंभर वर्षांत एका साध्या प्रश्नाचा निकाल का लावू शकली नाहीत, हे आम्हाला पाहायचं आहे. आणि हे तोंडवलीत बोलायचं कारण काय, तेही पुढे येईलच. ज्यांच्या वाडीत रात्री रानडुक्कर येतं त्यांना ते आत्ताच कळलं असेल.

थोडे शब्द आधी स्पष्ट करून घेऊ, म्हणजे मागे बसलेल्यांना अडचण नको. काडतूस म्हणजे पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी म्हणजे काडतूस नव्हे. गोळी हा काडतुसाचा जनावरापर्यंत पोचणारा भाग. रायफलचा बोअर इंचाच्या अंशांत सांगतात, म्हणजे .२७५ किंवा .४७०. आपल्याकडच्या बारा बोअरचा हिशोब वेगळा आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून तिथे आकडा वाढला की नळी बारीक होते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेनचा एक पौंड. एवढं पुरे.

लहान गोळीच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे वॉल्टर बेल. हा स्कॉटिश माणूस, जन्म १८८० चा, मृत्यू १९५४ चा. युगांडातल्या कारामोजा भागात हिंडला म्हणून त्याला ‘कारामोजो बेल’ म्हणतात. हस्तिदंताच्या व्यापारासाठी त्याने १०११ हत्ती मारले, आणि त्यातले बहुतेक ज्या काडतुसाने मारले ते रिग्बी कंपनीने .२७५ या नावाने विकलेलं, मूळचं जर्मन मॉझरचं ७ मिलिमीटरचं लष्करी काडतूस होतं. गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सव्वा अकरा ग्रॅमच्या आसपास. आपल्या दोन रुपयांच्या नाण्याच्या दुप्पट-अडीचपट वजन म्हणा ना. एवढ्याशा धातूच्या तुकड्याने पाच टनांचा हत्ती खाली बसतो, आणि तो एकदा नाही, शेकडो वेळा. आकडा ऐकून आज तुम्हाला वाटते तशी शिसारी आम्हालाही वाटते. पण क्षणभर ती बाजूला ठेवू, कारण बेलच्या नावाने जो युक्तिवाद केला जातो तो तपासायचा आहे.

तो युक्तिवाद असा : बेलने लहान गोळीने हजार हत्ती मारले, म्हणून लहान गोळी हत्तीला पुरते.

न्यायदर्शन शिकलेल्या माणसाला इथे लगेच एक जुनं उदाहरण आठवतं. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. उलट करून जिथे अग्नी तिथे धूर म्हटलं तर ते खोटं. तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग पुष्कळदा अग्नीबरोबर धूर दिसतो तो कशामुळे? लाकूड ओलं असतं म्हणून. या ओल्या इंधनाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. साध्य जिथे जिथे आहे तिथे ही असते, पण साधन जिथे जिथे आहे तिथे असतेच असं नाही. म्हणजे बोलणारा नाव घेतो साधनाचं, आणि काम गुपचूप करून जाते उपाधी.

बेलच्या बाबतीत ओलं इंधन कुठलं? त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून पाहिली होती. मेंदू नेमका कुठे असतो, बाजूने कसा, समोरून कसा, मागून तिरका कसा, याचा त्याने अभ्यास केला होता. गोळी तो पूर्ण धातूच्या कवचाची वापरायचा, म्हणजे हाडावर आपटून ती पसरत किंवा फुटत नसे, सरळ आत जात असे. रायफल हलकी, म्हणून ती तो स्वतः वागवायचा आणि खांद्याला धक्का कमी, म्हणून नेम डगमगत नसे. त्या काळच्या कारामोजातल्या कळपांना बंदुकीची धास्तीही फारशी नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बार टाकायचा की नाही हे तो ठरवायचा. कोन मनासारखा नसला तर थांबायचा. आता ‘लहान गोळी पुरते’ या वाक्यात यातलं काय उरलं? काही नाही. हत्ती मेला तो गोळी मेंदूत गेल्यामुळे. मेंदूत जाईल ती कुठलीही गोळी पुरेशी, आणि मेंदूत न जाणारी गोळी लहान असो वा मोठी, तिचं काय होतं हा निराळाच प्रश्न.

गंमत बघा, हीच उपाधी दुसऱ्या बाजूलाही लागू पडते. जड रायफलवाला म्हणतो, माझ्या .४७० ने जनावर जागच्या जागी कोसळतं. तेही मेंदूत नाहीतर कण्यात बसली तरच. म्हणजे दोघांची व्याप्ती एकाच ठिकाणी तुटते. दोघेही ओल्या लाकडाचं श्रेय अग्नीला देताहेत. हा दोष काही शिकाऱ्यांनाच होतो असं नाही. आजोबा रोज विडी ओढायचे आणि नव्वदीपर्यंत जगले, हा युक्तिवाद आपल्या घराघरांत चालतो.

जड बाजूचा खरा वकील म्हणजे जॉन टेलर, ज्याला ‘पोंडोरो’ म्हणत. हा आयरिश. आज जे मोझांबिक आहे त्या पोर्तुगीज मुलखात बरीच वर्षं, आणि बरीचशी चोरटी, शिकार करत राहिला. १९४८ साली त्याचं ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ प्रसिद्ध झालं. पुस्तक अजून वाचनीय आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. माणूस जे वापरलं त्याबद्दलच लिहितो, मोकळेपणाने लिहितो. पण त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध झालेला भाग सगळ्यांत कच्चा आहे. तो म्हणजे त्याचं ‘नॉक-आउट’ मूल्याचं सूत्र. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग सेकंदाला इतके फूट असा, गुणिले गोळीचा व्यास इंचात, आणि भागिले ७०००. या सूत्राने बेलच्या गोळीला सोळाच्या आसपास गुण मिळतात आणि .४७० च्या ५०० ग्रेनच्या गोळीला सत्तरच्या वर. म्हणजे साडेचारपट. लागला निकाल!

पण हाच हिशोब ऊर्जेने केला तर? बेलची गोळी साधारण २७०० ज्यूल, .४७० ची साधारण ६९०० ज्यूल. अडीचपट. संवेगाने केला तर पावणेतीनपट. मग खरा आकडा कुठला, अडीच की साडेचार? सूत्र निवडतानाच निकाल निवडला जातो. व्यासाने गुणायचं का, याचं टेलरकडे भौतिकशास्त्राचं उत्तर नाही. त्याच्या अनुभवाला जे वाटत होतं त्याच्याशी ते जुळतं म्हणून गुणायचं. हेच सूत्र आपण क्रिकेटच्या चेंडूला लावून पाहू. चेंडू १६० ग्रॅमचा, म्हणजे सुमारे २४७० ग्रेन. व्यास पावणेतीन इंचांहून किंचित जास्त. ताशी १४० किलोमीटरने टाकला तर सेकंदाला सव्वाशे फुटांच्या वर. गुणाकार करा. सव्वाशे गुण येतात. म्हणजे हत्तीच्या जोडनळी रायफलपेक्षा आपला वेगवान गोलंदाज भारी. टेलर म्हणेल, मी ते चेंडूसाठी केलेलं नव्हतं. मान्य. पण मग ते सूत्र नव्हे, आपल्या आवडीच्या काडतुसांची क्रमवारी आहे, आणि तिला गणिताची टोपी घातलेली आहे.

याच ओघात एक गैरसमज दूर करायला हवा, कारण सिनेमांनी तो पक्का केलाय. गोळी जनावराला ‘पाडते’ असं आपण म्हणतो, जणू धक्क्याने ढकलून पाडते. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलो आहोत. गोळीला जेवढा संवेग मिळतो तेवढा, किंबहुना दारूच्या वायूंमुळे थोडा जास्तच, उलट्या दिशेने मारणाऱ्याच्या खांद्याला मिळतो. गोळीने हत्ती ढकलला जाणार असेल तर आधी शिकारी उडाला पाहिजे. हिशोबच करायचा तर .४७० ची गोळी पाच टनांच्या हत्तीत रुतून राहिली तर तो सेकंदाला चार मिलिमीटर वेगाने सरकेल. मुंगी याहून जोरात चालते. जनावर कोसळतं ते मज्जासंस्था तुटते म्हणून, किंवा रक्त जाऊन मेंदू विझतो म्हणून. यातल्या पहिल्याला क्षण लागतो. दुसऱ्याला, गोळी अगदी हृदयात बसली तरी, काही सेकंद लागतात, आणि त्या सेकंदांत जनावर शंभर पावलं पळू शकतं किंवा दहा पावलं तुमच्या अंगावर येऊ शकतं.

तरीही टेलरला आम्ही बेलपेक्षा एका बाबतीत वरचा मान देतो. त्याचं सूत्र मुळात कशासाठी आहे ते नीट वाचलं तर कळतं. हत्तीच्या डोक्यावर समोरून मारलेली गोळी मेंदूला थोडक्यात चुकली, तर हत्ती भोवंडून पडेल का, आणि दुसरा बार टाकायला वेळ मिळेल का, हे तो मोजू पाहतो. म्हणजे टेलर चुकलेल्या बाराबद्दल बोलतोय! त्याचं गणित कच्चं आहे, पण त्याचा प्रश्न बरोबर आहे. बेलचं शरीरशास्त्र पक्कं आहे, पण ते एकट्या बेलपुरतं. या दोघांचे पुढचे अनुयायी मात्र हा फरक विसरले. अमेरिकेत जॅक ओ’कॉनर आणि एल्मर कीथ यांचं हेच भांडण अनेक वर्षं मासिकांतून चाललं. ओ’कॉनर .२७० विंचेस्टरचा, १९२५ साली निघालेल्या चपळ काडतुसाचा, भक्त. कीथ जाड आणि जड गोळीचा. एक प्राध्यापक होता, दुसरा रांगडा रानातला माणूस. त्यामुळे वाचकांनी त्यात शैलीचा, स्वभावाचा, वर्गाचा झगडा पाहिला आणि मजा लुटली. मुद्दा पुढे सरकला नाही.

तो का सरकला नाही, याचं उत्तर आमच्या मते ‘अनुपलब्धी’त आहे. हा शब्द अवघड वाटेल, पण गोष्ट रोजची आहे. खोलीत घागर नाही हे तुम्हाला कसं कळतं? दिसत नाही म्हणून. इथे ‘न दिसणं’ हाच पुरावा. पण आपल्या पूर्वसूरींनी एक अट घातली : वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. त्याला ते योग्य अनुपलब्धी म्हणतात. उजेडात घागर दिसली नाही तर ती नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आता शिकाऱ्याचं वाक्य घ्या : ‘या रायफलने माझ्याकडून एकही जनावर जखमी होऊन गेलं नाही.’ माणूस प्रामाणिक असेल. पण जखमी होऊन गेलेलं जनावर दिसतं का? ते जातं कुठे? गचपणात, नाल्यात, करवंदीच्या जाळीत. बार झाला, जनावर उसळलं, पळालं. शिकारी म्हणतो, चुकला. रक्ताचा थेंब पानाखाली पडला, पाऊस आला, संपलं. जनावर दोन दिवसांनी पाच कोसांवर मरतं, किंवा मरत नाही. या वादात दोन्ही बाजूंनी दाखले दिले ते पडलेल्या जनावरांचे. न पडलेल्यांची साक्ष कुणी काढलीच नाही, कारण ती अंधारातली घागर होती.

आणि दुसऱ्या बाजूने पाहा. जो शिकारी जखमी जनावराच्या मागे जाळीत शिरला आणि परत आला नाही, त्याने पुस्तक लिहिलं नाही. म्हणजे हजार पानांचा अनुभव आपल्यासमोर आहे, पण तो वाचलेल्यांचा आहे.

अशी साक्ष क्वचित एखाद्या वेळी उजेडात येते. कॉर्बेटच्या १९४४ च्या पुस्तकात ती पहिल्याच नरभक्षकाच्या गोष्टीत आहे आणि नेमकी तीच या वादात कुणी उद्धृत करत नाही. चंपावतची वाघीण, १९०७. तिने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसं मारली. मेल्यावर कॉर्बेटने तिचं तोंड पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. जुनी गोळीची जखम. त्यामुळे तिला नेहमीचं भक्ष्य मारता येईना आणि ती माणसाकडे वळली, असं कॉर्बेटचं अनुमान आहे. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी एक बार टाकला होता. त्या माणसाने घरी जाऊन काय सांगितलं असेल? बहुधा हेच की चुकला. ती गोळी कुठल्या बोअरची होती हे कुठेच नोंदलेलं नाही. तिच्यावर कुठल्याही मासिकात वाद झाला नाही. आम्हाला तर वाटतं, काडतुसांच्या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत महाग पडलेला बार तो असेल.

कॉर्बेटचं नाव निघालं आहे तर त्याच्या वकिलांबद्दलही दोन शब्द. लहान बोअरवाले त्याला आपल्या बाजूने उभा करतात. त्याला .२७५ रिग्बी भेट मिळाली ती चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल, सर जॉन ह्यूएट यांच्याकडून. पुढे १९३० साली चौगडची वाघीण त्याने त्याच रायफलने मारली, तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात त्याने पक्ष्याची अंडी धरलेली होती. अंतर आठेक फूट. गोष्ट थरारक आहे, पण तिच्यातून काडतुसाबद्दल काय सिद्ध होतं? आठ फुटांवर मान किंवा काळीज सापडलं तर काय नाही पुरणार! आणि चंपावतला काय झालं होतं? तिथे त्याच्या हातात .५०० ची जड रायफल होती, जवळ तीन काडतुसं. ती संपली, वाघीण अजून उभी. मग तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. तिच्या नळ्या धड नव्हत्या. त्याने वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी. म्हणजे एकाच माणसाच्या हातून जड रायफलने लांबलेला मृत्यू आणि हलक्या रायफलने तत्काळ मृत्यू. यातून जो कुणी काडतुसांबद्दल नियम काढेल त्याला आम्ही आमच्या वर्गात पहिल्या सत्रातच नापास केलं असतं. शिवाय कॉर्बेट स्वतः भक्त नव्हता; त्याच्याकडे .४५०/४०० ची जोडनळीही होती, आणि प्रसंग पाहून तो ती वापरायचा.

आता जरा आपल्या देशाकडे येऊ, कारण या वादाचा एक भाग इथे घडला आणि तो शिकाऱ्यांनी नव्हे, सरकारने घडवला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला, १९०७ च्या सुमारास, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. कारण काय? लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअर .४५० होता. बाहेर शिकारीच्या नावाने आलेली गोळी बंडखोरांच्या हाती पडून त्या रायफलींत जाईल, ही भीती. मग लंडनच्या बंदूक कारखानदारांनी धंदा वाचवायला .४५० च्या जरा वरचे नवे बोअर काढले. .४६५, .४७०, .४७५ हे त्यातलेच. ज्या .४७० ला टेलर सत्तर गुण देतो ते काडतूस हत्तीच्या कवटीचा अभ्यास करून जन्मलं नाही, पोलिसी धास्तीतून जन्मलं.

स्वातंत्र्यानंतरही तेच. .३०३ हा लष्करी बोअर, म्हणून सामान्य माणसाला मना. मग परवानाधारकाला रायफल कुठली? .३१५. हे काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या सैन्याचं, आठ मिलिमीटरचं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्याची रायफल होते, आणि काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीत झाली. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसंही खडकीचीच. .३१५ चांगलं की वाईट, हा विचार करून ते कुणी निवडलेलं नाही. जे मना नव्हतं ते उरलं. त्यामुळे आमचे काही तरुण मित्र परदेशी वादातले आकडे पाठ करून ‘डुकराला अमुक बोअर योग्य’ असं बोलू लागले की आम्हाला हसू येतं. निवड करायला आधी दुकानात दोन वस्तू असाव्या लागतात.

आणि आता आपला किनारा. परवा इथल्याच एका बागायतदारांनी आम्हाला थांबवून विचारलं, ‘‘सर, डुकराक बारा बोअर पुरो, की रायफल व्हयी?’’ प्रश्न बारा बोअर आणि रायफलचा, म्हणजे आमच्या विषयाचाच, फक्त त्यात हौस नाही. पिकलेल्या भातात रात्रीतून कळप शिरतो आणि सकाळी अर्धा कुणगा लोळलेला असतो. नारळाची दोन वर्षांची रोपं मुळापासून उपटलेली असतात, आतला कोवळा गाभा खाल्लेला असतो. शंभर किलोचा नर सुळे परजून उभा राहिला तर तो मोठं जनावरच आहे, त्याला आफ्रिकेतला असायची गरज नाही.

कायद्याचं आधी सांगतो, कारण त्याबद्दल गावोगाव भलत्याच समजुती आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर पूर्णच, शिकार बंद आहे. गवा आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत. दोडामार्गाकडे हत्ती आले म्हणून त्यांच्याबद्दल बोअरची चर्चा करायचीच नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण ती लेखी, आणि अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याकडून. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे. हे दोन कागद वेगळे आहेत.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. रायफलची गोळी भारी, हे उघड आहे. पण आमच्या मते आपल्या पट्टीवर पहिला प्रश्न डुकराच्या अलीकडचा नसून पलीकडचा आहे. तळाशीलला उभे राहून पाहा. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माड, सुरू आणि घरं. रायफलची गोळी डुकराला चुकली, किंवा लागून आरपार गेली, तर ती थांबणार कुठे? मोकळी सुटलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. रात्री खाडीत जाळं टाकून होडीत बसलेला माणूस तिला दिसत नाही. डोंगराच्या पोटाशी, मागे मातीचा उभा बांध असेल तिथे गोष्ट वेगळी. इथे नाही.

मग बारा बोअर? मोठ्या छऱ्यांचा जोर तीस-पस्तीस मीटरपर्यंत. त्यापुढे छरे पांगतात, चामडीत शिरतात, जनावराला ठार करत नाहीत. पन्नास-साठ मीटरवरून ‘बघू या लागलं तर’ म्हणून टाकलेला बार ही लहान गोळीच्या वादातली सगळ्यांत वाईट अवस्था. जनावर जखमी होणार हे जवळपास ठरलेलं, मरणार नाही हेही जवळपास ठरलेलं. ठासणीच्या बंदुकीचं तर विचारूच नका. एक बार. पावसाळी हवेत दारू दमट. केप वाजला आणि बार झालाच नाही तर नशीब म्हणायचं. अर्धवट झाला तर पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर एक तर गेलं किंवा अंगावर आलं. आणि शिकारीला गेलेल्या मंडळींत अंधारात आपल्याच माणसाला बार लागल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत.

ही सगळी चर्चा काडतुसाच्या व्यासापुरती ठेवली तर एक माणूस तिच्यातून नेहमी गळतो. रात्री जखमी झालेलं डुक्कर पहाटे कुठे असतं? काजूच्या बागेतल्या गवतात, ओढ्याच्या कडेला, पालापाचोळ्याच्या ढिगात. आणि सकाळी तिथे कोण जातं? बार टाकणारा नाही. तो रात्रभर जागलेला, झोपलेला असतो. जाते ती काजू वेचायला, सरपण गोळा करायला, शेळी बांधायला गेलेली बाई. पूर्वीच्या शिकाऱ्यांत एक दंडक होता, आणि त्या लोकांबद्दल आमचं इतर मत काहीही असो, तो दंडक आम्हाला फार मोलाचा वाटतो : जखमी जनावराचा माग ज्याने बार टाकला त्यानेच काढायचा. हाकाऱ्याला पाठवायचं नाही. काठीवाल्या पोराला पुढे घालायचं नाही. बेल आणि टेलर यांच्या वादात ही जबाबदारी गृहीत धरलेली आहे. हत्ती जखमी झाला तर त्याच्या मागे बेलच जाणार आणि टेलरच जाणार. आपण त्यांचे आकडे घेतले आणि ही जबाबदारी तिथेच सोडून आलो.

म्हणून त्या बागायतदारांना आम्ही जे सांगितलं ते असं. लेखी परवानगी हातात असेल, अंतर पंचवीस पावलांच्या आत असेल, डुक्कर आडवं उभं असेल, पुढच्या पायाच्या मागचा भाग दिसत असेल आणि मागे माती असेल, तर बारा बोअर पुरते. यातलं एक जरी नसेल तर रायफलही पुरत नाही. आणि लागलं पण पडलं नाही, तर उजाडायच्या आत वाडीतल्या प्रत्येक घरी सांगून यायचं की अमक्या बाजूला आज कुणी जाऊ नका, आणि वनखात्याला कळवून माग काढायला स्वतः जायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मगे कुंपणच बरा.’’ हेही उत्तर आहे. कुंपणाची जात, खर्च आणि त्यावर मिळणारं अनुदान यावर बोलायला आमच्यापेक्षा जाणते लोक या सभेत बसलेले आहेत, त्यांनी बोलावं.

ज्यांनी कॉर्बेट वाचलाय त्यांना एक विनंती. घरी गेल्यावर चंपावतची गोष्ट पुन्हा काढा आणि या वेळी शेवटून वाचा, तुटलेल्या सुळ्यांपासून मागे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतला हात मघापासून वर आहे, त्यांना आधी माइक द्या. आणि ज्यांना खाडीपलीकडे जायचंय त्यांनी निःसंकोच उठावं, आम्हाला राग येणार नाही.